भाऊजींची स्मॉलटॉक

आमच्या भाऊजींइतका हट्टी माणूस अख्ख्या नाशिकरोडला सापडायचा नाही, हे मी लिहून देते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला असताना झेरॉक्स केलेल्या एका जाड पुस्तकावरून ते कॉम्प्युटरची स्मॉलटॉक नावाची भाषा शिकले, आणि तेव्हापासून घरातल्या भांड्यांनासुद्धा अक्कल असते असं धरून वागायला लागले. त्या भाषेत म्हणे प्रत्येक वस्तू आपलं काम जाणते. आपण नुसता निरोप द्यायचा, तिच्या पोटात हात घालायचा नाही. म्हणून हे फ्रिज उघडणार नाहीत, ओट्याकडे फिरकणार नाहीत, सोफ्यावरूनच "वहिनी, चहा!" एकदा वैतागून मी म्हटलं, "मला नाही कळलं." तर टाळी देऊन हसले. "वा! निरोप समजला नाही की तिथली वस्तू अगदी हेच उत्तर देते. वहिनी, आली तुम्हाला भाषा!" चहा शेवटी मीच केला, ते सोडा.

मागच्या वर्षी त्यांची लेक मनू, तीही कॉम्प्युटरवालीच, जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मेली हो ती भाषा. ऑफिसात कुणाला नावही माहीत नाही." ती चेष्टेत बोलली, पण भाऊजींनी आपल्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला तो टाकलाच.

मग मनूचंच अडलं. निफाडच्या द्राक्षबागायतदारांसाठी ती मोबाइलचं ॲप करत होती. सोमवारी दाखवायचं, आणि त्यात बागेच्या पाण्याची वेळ बदलली की माल नेणाऱ्या टेम्पोचीही उगाचच बदलायची! तिनं सगळा प्रोग्रॅम छापून टेबलावर पसरला. भाऊजी पाणी प्यायला उठले आणि तिथंच थांबले. भाषा नवी, त्यांना न येणारी. पण लग्नात आपण पोरीचं नाक बघून "तू सटाण्याच्या आक्कांची ना गं?" म्हणतो ना, तसे ते कागद न्याहाळत राहिले.

"अगं, ही तर आमच्याच घरातली! आणि हा टेम्पो बागेच्या पोटात हात का घालतोय? माल कधी तयार, ते बागेलाच विचार की. ती सांगेल."

मनूनं तासाभरात बदललं. सोमवारी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः निफाडला गेले. "ताई, लय भारी जमलंय!" बागायतदार म्हणाले, तेव्हा मनूनं सगळ्यांदेखत भाऊजींना पुढं ओढलं. "चूक बाबांनी पकडली. आम्ही लिहितो त्यातल्या कितीतरी भाषा त्यांच्या भाषेच्या लेकी-नाती आहेत." टाळ्या वाजल्या. भाऊजींची मान अशी ताठ, जणू नवरदेवच!

घरी आल्यावर मात्र शर्टही न बदलता ते सोफ्यावर टेकले. "वहिनी, एकलहऱ्याला आम्ही चौघं मिळून शिकलो होतो. तिघं गेले. आज त्यांना सांगायचं होतं हो."

"मला सांगा," मी म्हटलं. त्यांनी अगदी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. गॅस मनूनं बंद केला. मी जागची हलले नाही.