आधी सांगायचं तरी

“मॅडम, तुम्ही पेपर प्लेट आणा. जेवणाचं आम्ही बघतो.”

सहलीचं ठरवताना मीनल हे स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाली. हसत म्हणाली. तिच्याकडे पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, वैशालीकडे मसालेभात, बाकीच्या दोघींकडे कोशिंबीर आणि श्रीखंड. माझ्याकडे प्लेट. मी “हो” म्हटलं आणि पुढच्या तासाला वर्गावर गेले.

मी अंधेरीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मीनलही तेच शिकवते. प्रयोगशाळेत आमची कपाटं शेजारी शेजारी आहेत. डिग्री सारखी, पगार सारखा. फरक आडनावात आहे.

नोकरीला लागले त्या वर्षी सहलीला मी गूळपोळ्या नेल्या होत्या. खसखस भाजून, वर तूप लावून. डबा गोल फिरला आणि भरलेला परत आला. एकीचं पोट भरलं होतं. एकीला गोड चालत नव्हतं. एकीचा उपवास होता, आणि त्याच उपवासवालीने थोड्या वेळाने मीनलच्या घरच्या करंज्या खाल्ल्या. कुणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही. पुढच्या वर्षीपासून माझ्याकडे प्लेट आल्या.

मला राग यायला हवा होता. आला नाही. अपराधी वाटलं. माझ्यामुळे चार बायकांना खोटं बोलावं लागलं, असं वाटलं. पुढे पुढे त्यांनी सांगायच्या आत मीच म्हणायची, “मी प्लेट आणते गं.” त्यांचं अवघडलेपण मीच पुसून द्यायची. वर मनात म्हणायची, आपण किती समजूतदार.

या वर्षीची सहल कासियासाठी होती. कासिया पोलंडची. एका सत्रासाठी आमच्या विभागात शिकायला आलेली. तिच्याशी आम्ही सगळ्या इंग्रजीत बोलायचो. मरोळला मुलींच्या होस्टेलवर राहायची. सुट्टी लागली की बाकीच्या मुली घरी पळायच्या आणि ही एकटी खिडकीत बसायची. तिच्या ओळखी व्हाव्यात, तिने मुंबई बघावी म्हणून बोरिवलीला कान्हेरीची लेणी ठरली.

सगळ्या काहीतरी करून आणणार हे कळल्यावर ती हट्टाला पेटली. “मी पण आणणार. माझ्या आजीचं.” कोबीच्या पानात भात, कांदा, गाजर भरायचं, गुंडाळी करायची आणि टोमॅटोच्या रश्शात शिजवायचं. होस्टेलवर गॅस वापरू देत नाहीत. मी म्हटलं, मुलुंडला माझ्याकडे ये.

ती आली. कोबीची पानं तिच्या हातात फाटायला लागली. आपला कोबी घट्ट, शिरा जाड. अळूवडीला करतो तशा मी शिरा लाटण्याने दाबून घेतल्या. भात मी शिजवला. आलं-मिरची मी घातली, ती “आजी रागावेल” म्हणत असताना. गुंडाळ्या मीच वळल्या. तिने कांदा कापला आणि गप्पा मारल्या. आईबद्दल, सोडून गेलेल्या मित्राबद्दल, इथे येऊन पहिल्यांदाच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसल्याबद्दल. शिजल्यावर एक तोंडात टाकली आणि म्हणाली, “आजीला सांगू नका. तिच्यापेक्षा छान झालंय.”

ती निघताना मी म्हटलं, “कुणी विचारलं तर इथे केलं असं सांगू नकोस.”

“का?”

“उगाच. तू केलंस म्हण.”

“मी तर फक्त कांदा कापला.”

“म्हण तरी.”

तिने खांदे उडवले. “ओके.”

मी दार लावलं. घाण वाटलं. पण सांगितलेलं परत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच बायका आणि ती. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेण्यांपर्यंत बस जाते. त्या बसमध्येच वैशालीने तिला “काय यार” म्हणायला शिकवलं. मग ती प्रत्येक वाक्याला “काय यार” लावायला लागली आणि आम्ही सगळ्या हसून हसून दमलो. मीही. वैशाली आमच्यात लहान, मोकळी. तिने कासियाला गणपतीत दहिसरला घरी बोलावलं. मीनलने तिला नऊवारी नेसवायचं कबूल केलं. “नथ पण घालू. फोटो बघून तुझी आई ओळखणारच नाही बघ!” कासियाचा चेहरा असा फुलला होता, की मला वाटलं, बरं झालं, पोरीला माणसं मिळाली.

वर लेण्यांत मीनल पुढे होऊन तिला सगळं समजावत होती. हे आमचं कल्चर. ही आमची कला. आमची, आमची. मी मागे.

मोठ्या लेण्याच्या ओसरीत बुद्धाची उंच मूर्ती आहे. माझे वडील मानखुर्दहून आम्हा भावंडांना बुद्धपौर्णिमेला इथे आणायचे. पांढरे कपडे, आईने इस्त्री केलेले. याच मूर्तीसमोर ओळीने उभं करायचे. हात आपोआप जुळले. मी वाकले.

मागे कासिया होती. “तुम्ही प्रार्थना करताय?”

मीनलने वळून पाहिलं.

“नाही गं,” मी म्हटलं. “चपलेचा पट्टा निघाला.”

कासियाने माझ्या पायांकडे बघितलं. माझ्या पायात बूट होते. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. मूर्तीकडे तर वर पाहायचीच हिंमत झाली नाही.

जेवायला आम्ही खाली बागेत आलो. झाडाखाली चादर अंथरली. माकडं टपलेलीच होती. “पिशव्या सांभाळा गं, आपल्या प्रिन्सिपॉलपेक्षा ही बरी, निदान समोरून तरी हिसकावतात!” वैशाली म्हणाली. मी प्लेट वाटल्या. कासियाने आपला डबा उघडला.

कोबीच्या गुंडाळ्या पुऱ्यांच्याही आधी उचलल्या गेल्या. मीनलने एक खाल्ली, दुसरी घेतली. “काय हात आहे गं मुलीचा! आणि आपल्याकडच्यासारखं तिखट कसं जमलं तुला?” श्रीखंडवाली म्हणाली, “रेसिपी दे हं. कसलं मऊ झालंय.” पोलंडमध्ये गाय खातात, डुक्कर खातात, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. बसमध्ये त्यावर चर्चाही झाली होती. त्याचं कुणाला काही नव्हतं.

मी माझ्या प्लेटमध्ये बघत होते. खरं सांगायचं तर मला आनंद होत होता. चोरटा, घाणेरडा आनंद. खातायत. माझ्या हातचं खातायत.

मीनलने तिसरी गुंडाळी उचलली. “पण केलंस कुठे तू? होस्टेलवर तर गॅस नाही ना?”

कासियाने माझ्याकडे पाहिलं. “एका मैत्रिणीकडे.”

“कोण गं मैत्रीण? आम्हाला नाही सांगितलंस ते!”

“ती... ती मैत्रीण...”

ती लाल झाली. मानेपर्यंत लाल. खोटं बोलायची सवय नव्हती पोरीला. तोंड उघडत होती, मिटत होती, माझ्याकडे बघत होती. शब्द शोधत होती, माझ्यासाठी. मला लपवण्यासाठी.

ती इथे शिकायला आली होती. आणि तिने माझ्याकडून शिकलं काय, तर हे. कुणाचं नाव कुठे गिळायचं. कुणाचा हात कुठे झाकायचा. मी तिला ते एका संध्याकाळीत शिकवलं होतं, माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून.

“माझ्या घरी,” मी म्हटलं. “मुलुंडला. भात माझा, तिखट माझं. गुंडाळ्या मी वळल्या. तिने कांदा कापला.”

मीनलचा हात थांबला. गुंडाळी अर्धी खाल्लेली होती. तिने ती प्लेटच्या कडेला ठेवली. हळूच, जणू काही फुटेल. रुमाल काढून बोटं पुसली. एकेक बोट. श्रीखंडवालीने आपली प्लेट चादरीवर ठेवली आणि माकडांकडे बघायला लागली. कोशिंबीरवालीने बाटली उघडून चूळ भरली. वैशालीच्या तोंडात घास होता. तिने तो गिळला, खाली बघत.

मग मीनल म्हणाली, “अगं, आधी सांगायचं तरी.”

इतकी वर्षं पोट भरलं होतं, उपवास होते, गोड चालत नव्हतं. त्या सगळ्याच्या खाली हे एवढंच वाक्य होतं.

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?” मी विचारलं.

तिने रुमालाची घडी घातली.

“सांग ना. पहिली खाल्लीस, दुसरी खाल्लीस, हात चांगला म्हणालीस. हात तोच आहे. काय केलं असतंस?”

“तसं नाही गं. तू ना, कुठली गोष्ट कुठे नेतेस. पाहुणीसमोर हे काय!”

“पाहुणीसमोरच. तिला कळू दे.”

कासियाला मराठी येत नव्हती. पण पुसलेली बोटं तिने पाहिली होती. तिने डबा स्वतःकडे ओढला आणि खायला लागली. भूक नव्हती तिला, दिसत होतं. तरी एकामागून एक खात राहिली. गाल ओले झाले, तरी खात राहिली. मी तिला थांबवलं नाही. मीही एक घेतली.

परतीच्या रिक्षात आम्ही दोघीच होतो. मी तिला सगळं सांगितलं. आडनाव, गूळपोळ्या, वडील, पांढरे कपडे, चपलेचा न निघालेला पट्टा. आणि माफी मागितली.

बाहेर बघत ती म्हणाली, “त्यांचा राग मला आहेच. पण तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत, त्याचा राग वेगळा आहे. तो लगेच जाणार नाही.”

“नको जाऊ दे,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरं होतं ते.

त्यानंतर तिला दहिसरचं बोलावणं आलं नाही. नऊवारीचं कुणी नाव काढलं नाही. कॉरिडॉरमध्ये मीनल तिला “हाय डिअर” म्हणते आणि पुढे जाते. सुट्टीत पोरगी पुन्हा खिडकीत. मी माझ्याकडे ये म्हणते. कधी येते, कधी नाही. हे माझ्यामुळे झालं. मी गप्प बसले असते, तर तिला नथ घालून फोटो मिळाला असता, चार घरं मिळाली असती. हे मला टोचतं. रोज टोचतं. त्याला मी कारणं देणार नाही.

परवा वैशालीने मला प्रयोगशाळेत गाठलं. दार लोटून घेतलं.

“एक सांगू का? मीनलला एकदा सॉरी म्हण. मोठी हो तू. विषय संपेल. गणपतीत त्या मुलीला पण बोलावता येईल मग. मीनलला डावलून मी एकटी कशी बोलावू?”

“कशाबद्दल सॉरी?”

“अगं, तसंच. सगळ्यांचा मूड गेला ना त्या दिवशी.” मग आवाज खाली आणून, “आणि मी खाल्लं होतं हं. मी नाही थांबले.”

“खाल्लंस. पण बोलली नाहीस.”

तिचे डोळे भरले. मलाही वाईट वाटलं. तिचं मन वाईट नाही. आणि कासियाचं गणपतीतलं बोलावणं माझ्या एका शब्दावर अडलं होतं, तेही डोक्यात होतं. एक सॉरी. तोंडातून हवा जाते, दुसरं काय? असे किती सॉरी म्हटलेत मी आजवर.

“माफी मी त्या मुलीची मागितली,” मी म्हटलं. “तिची मागायचीच होती. मीनलची मागणार नाही. आज नाही, रिटायर होताना नाही. आणि त्या मुलीला बोलवायचं असेल तर तू बोलव. माझ्या सॉरीवर बोलावू नकोस.”

“मग काय, हे असंच राहणार का?”

“आधीही असंच होतं, वैशाली,” मी म्हटलं. “आता उघड आहे. उघडच राहील.”