फोटोपुरतं चाक

"रक्तात असतं म्हणतात. तुमच्यात जरा पातळ झालेलं दिसतंय."

सर असं म्हणाले आणि सगळा वर्ग खो खो हसला. मी चाकासमोर बसले होते. कोपरापर्यंत चिखल. मातीचा गोळा चाकावरून सुटून सरांच्या पांढऱ्या झब्ब्यावर जाऊन बसला होता.

कॉलेजचा पहिलाच आठवडा. पुण्यातलं नावाजलेलं कॉलेज, सिरॅमिकचा विभाग. हजेरी घेताना सरांनी माझं आडनाव वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. आडनावच कुंभार. "वा! मग आम्ही काय शिकवणार तुम्हाला? या, बसा चाकावर. शिकवा आम्हाला." मी बसले. नाही म्हणायची हिंमत कुठली? पण खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मी चाकाला बोटही लावलं नव्हतं.

आमच्यात बाई चाकाला शिवत नाही. माती तुडवायची बाईनं. मातीत मिसळायची लीद आणि राख चाळायची बाईनं. पुरुषानं चाकावर घडवलेलं ओलं मडकं लाकडी थापीनं ठोकून ठोकून मोठं करायचं बाईनं. मडकी भाजायचा आवा रचायचा, धूर खायचा, टोपली डोक्यावर घेऊन मंडईबाहेर उन्हात बसायचं, तेही बाईनंच. चाक तेवढं पुरुषाचं. चाक म्हणजे देव. देवाला बाई चालत नाही, बाईचे कष्ट चालतात.

हे मी सरांना सांगणार होते. पण ते झब्बा झटकत म्हणाले, "राखीव जागेवरून आलात ना? मग एवढं तरी यायला हवं होतं." पुन्हा हशा. त्या दिवसापासून माझं नाव पडलं मडकं. "ए मडकं, दार लाव." "ए मडकं, फुटलीस का?" चार वर्षं तेच.

मी चाक शिकले. दातओठ खाऊन शिकले. वर्गात कुणी यायच्या आत जायचं आणि विजेच्या चाकावर बसायचं. घरी पत्ता लागू दिला नाही. आमचं घर वारज्याला. नदीकाठची आमची मातीची जागा इमारतींखाली गेली होती, माझे वडील, अप्पा, आता माती विकत आणत आणि सगळ्या जगावर चिडलेले असत. पोरगी चाकावर बसते हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद.

शेवटच्या वर्षी मी रांजण केला. माझ्या कमरेएवढा. खालचा भाग चाकावर काढलेला, वरचा आईच्या पद्धतीनं थापीनं चढवलेला. आमच्या घरात जे काम बाप आणि आई यांच्यात वाटलेलं होतं, ते मी एकटीनं एका भांड्यात केलं होतं. खाली चाक, वर थापी. वर्षाअखेरच्या प्रदर्शनात तो दालनात उभा राहावा, त्याच्याखाली माझं नाव असावं, एवढंच मला हवं होतं. बाकी काही नको होतं.

सरांनी रांजणावर बोटानं टिचकी मारली. "हे क्राफ्ट झालं. आर्ट कुठंय?" शेजारच्या टेबलावर एका मुलानं चांगलं मडकं बुक्की मारून चेपलं होतं. त्याच्यासमोर सर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "यात प्रश्न विचारलाय." आमच्याकडे असं मडकं बसलं तर आई गुपचूप परत मातीत टाकते.

मग त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. प्रदर्शनाचा खर्च एक सॉफ्टवेअर कंपनी करणार होती, परदेशी पाहुणे येणार होते. "तुझ्या आईला आण. नऊवारीत. दारात बसून काम करू दे. पाहुण्यांना काहीतरी अस्सल बघायला मिळेल. मग तुझा रांजण आत ठेवू."

आईला केवढा आनंद झाला! लेकीच्या कॉलेजातून बोलावणं आलं म्हणून तिनं लग्नाकार्याचं ठेवणीतलं लुगडं काढलं. थापी फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतली. स्वारगेटला बस बदलताना तिनं दोनदा पिशवीत हात घालून थापी चाचपली.

दालनाच्या दारात गवत पसरलं होतं. त्यावर काठीनं फिरवायचं जुनं चाक, चाकाला झेंडूची माळ.

"मावशी, बसा चाकावर," सर म्हणाले. मावशी म्हणणं ही आमच्या शहरातली सोय आहे. नाव विचारावं लागत नाही.

"मी थापीचं काम करती, सायेब. आमच्यात बायामाणसं चाकाला शिवत न्हाईत."

"अहो मावशी, कुठल्या जमान्यात आहात? घराघरात कॉम्प्युटर आले. आणि फक्त फोटोपुरतं."

आई हलेना. सर माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "रांजण आत हवाय ना?"

आईनं ते ऐकलं.

तिनं चपला काढल्या. चाकाला हात जोडले, दोन्ही कानांना बोटं लावली, ओठांत काहीतरी पुटपुटली. माफीच मागत असणार. मग तिनं हात पुढे केला. आव्यातली गरम मडकी उचलणारा तो हात थरथर कापत होता. गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली एक बाई म्हणाली, "सो ऑथेंटिक!" फोटोवाला म्हणाला, "मावशी, स्माईल."

मी आईचं मनगट धरलं. "नको."

"नाटकं नकोत," सर म्हणाले. "पाहुणे उभे आहेत."

"मग तुम्ही बसा, सर. फोटोपुरतं. तुमच्या रक्तात नसेल, पण फोटोत कोण बघतंय?"

या वेळी कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा लाल झाला. "रांजण बाहेरच राहील तुझा. आणि निकालही माझ्याच हातात आहे."

"राहू दे."

रांजण मागच्या पडवीत, झाडूंच्या शेजारी राहिला. निकालात मला नापास केलं. आम्ही निघाल्यावर वर्गातल्याच एका मुलीला भाड्याची नऊवारी नेसवून चाकावर बसवलं, असं नंतर कळलं. पाहुण्यांना काही फरक पडला नाही.

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. वारजं आलं तेव्हा म्हणाली, "मी शिवली असती चाकाला. तुझ्यासाठी शिवली असती गं."

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. सरांनी आईचा अपमान केला, त्याचा हिशेब वेगळा. पण तो हात कशानं कापत होता? ती भीती कॉलेजात शिकवलेली नव्हती. ती आमच्या अंगणातली होती. आम्ही घरात तिचे हात बांधून ठेवले, म्हणून सरांना तिचा तमाशा मांडता आला.

घरी आल्यावर मी सरळ अंगणात गेले आणि अप्पांच्या चाकापुढे बसले. खाचेत काठी घालून जोर दिला. चाक फिरलं. माती मध्यावर बसवली. या वेळी ती उडाली नाही.

अप्पा बाहेर आले. "ऊठ."

मी उठले नाही.

"बाटवलंस चाक! माझ्या बापाचं चाक बाटवलंस!"

"आईच्या बापाचंही चाक होतंच की. तिला कुणी दिलं?"

अप्पांनी हात उगारला. मी मान खाली घातली नाही. त्यांनी हात खाली घेतला, पायात चपला सरकवल्या आणि फाटकाबाहेर निघून गेले. नंतर कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

आई उंबऱ्यात उभी होती. ती माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं होतं. लुगड्याचा पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "एवढं शिकून ह्येच शिकलीस?"

"हो. हेच शिकले. कुणाच्या फोटोसाठी बसणार नाही आणि कुणाच्या देवासाठी उठणार नाही."

आणि मी चाकाला पुन्हा काठी लावली.