माझं वाक्य

व्हिएतनामच्या सहलीतली देवळं, बेटं मला आता धड आठवत नाहीत. आठवते ती बाजारात फणस सोलत बसलेली एक म्हातारी.

मी लहानपणापासून बोलताना अडखळतो. घरी माझं वाक्य कुणी पुरं होऊ देत नाही. 'प'वर अडकलो की दादा लगेच "पाणी? पंखा? पेपर?" करत सुटतो. प्रेमानंच करतो, हे मला कळतं.

त्या बाजारात काय वाटलं कोण जाणे, मी म्हातारीला चक्क मराठीत विचारलं, "आजी, फ... फ... फणस कापा की बरका?" तिला त्यातलं अक्षरही कळणार नव्हतं. तरी तिनं सुरी खाली ठेवली आणि माझं बोलणं संपेपर्यंत माझ्याकडे बघत थांबली. मग हसून एक गरा माझ्या हातावर ठेवला.

माझं बोलणं लोकांचा वेळ खातं, असं मला कायम वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, खाऊ दे की! इतरांच्या बडबडीत माझा थोडा का वेळ गेलाय?

परतल्यावर पाहुण्यांना हे सांगताना मी 'म्हातारी'च्या 'म'वर अडकलो. दादा म्हणाला, "मंदिर पाहिलं म्हणतोय."

"थांब दादा. म... म... मीच सांगणार."

दादाचा चेहरा पडला. चहा आणायला उठलेली वहिनी परत बसली. मी घाई केली नाही. 'म'वर पुन्हा अडकलो, तिथंच अडून राहिलो, आणि ती म्हातारी शेवटी माझ्याच तोंडून बाहेर आली.