हळदीचं बोट

अंबडच्या कारखान्यांमागे आमची एक खोली आहे. तिथे बसून मी आणि माझी सून विजेच्या बटणांना स्क्रू लावायचो. काम देणारी ताई रिक्षातून पोती आणायची. पांढऱ्या प्लॅस्टिकचे सांगाडे वेगळे, पितळेचे तुकडे वेगळे, स्क्रू वेगळे. आम्ही जोडायचं, पिशव्या भरायच्या आणि प्रत्येक पिशवीत आपल्या घराच्या नंबराची चिठ्ठी टाकायची. पुढे कंपनी तो माल समुद्रापलीकडे पाठवायची. कुठे, ते ताईलाही माहीत नव्हतं. आमच्या खोलीतलं बटण मात्र फुटलेलं होतं. दिवा लावायला त्यात काडी घालून दाबावं लागे.

सून कळवणकडची, बारावी झालेली. तिला घरात बसून स्क्रू पिळायचे नव्हते. गळ्यात कार्ड घालून कंपनीच्या आत जायचं होतं. मला त्या कार्डाचं कौतुक नव्हतं. माझा मुलगा इतकी वर्षं कारखान्यात जातो, अजून कंत्राटीच आहे. कायमच्या माणसांना न्यायला बस येते, हा सायकल मारतो. पण पोरीचा जीव त्यात अडकला होता. कंपनी नव्या लाइनवर बायका घेणार होती आणि ताई सोमवारी चार नावं देणार होती. त्यात हिचं नाव होतं. आत चप्पल चालत नाही म्हणून हिने बंद बूट आणून खाटेखाली ठेवले होते, खोक्यातच.

सोमवारच्या आधी शुक्रवारी ताई आली. हातात पोतं नव्हतं, मोबाइल होता. त्यात एक फोटो होता. पांढऱ्या सांगाड्यावर पिवळं बोट उमटलेलं आणि त्याभोवती लाल गोल. तिकडच्या माणसाने खोकं उघडलं, त्याला हा डाग दिसला आणि त्याने अख्खा माल परत पाठवला. कंपनीने वह्या चाळून आमच्या घरापर्यंत माग काढला होता.

"मावशी, हे तुमच्याच घरचं. तिकडचे विचारतात, हे केमिकल कुठलं."

"हळद आहे ती," मी म्हटलं. "चाटून बघ म्हणावं, काय होत नाय."

ताई हसली नाही. "चेष्टा पुरे. सगळं माझ्यावर आलंय. बोट तुमचं का सुनेचं, तेवढं सांगा. जिचं असेल तिला आता काम नाय."

सून गॅसपाशी पाठमोरी उभी होती. तिचा भाजीतला चमचा थांबला.

मला तो दिवस चांगला आठवत होता. सायखेड्याहून माझ्या भावाने कैऱ्या पाठवल्या होत्या. सून सकाळपासून पोत्याला बसली होती. म्हणाली, "आई, लोणचं उद्या घालू. हात पिवळे होतील, पोतं आज द्यायचंय." मी म्हटलं, "कैरी थांबत नाय. तुझी बटणं काय नासतात का?" ती मुकाट्याने उठली. लोणचं कालवलं, साबणाने तीनदा हात धुतले आणि परत पोत्याला बसली. हळद नखांत राहते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. एवढ्याशा पिवळ्यावरून कुणी समुद्रापलीकडून माल परत पाठवील, हे ठाऊक नव्हतं. ते अजूनही पटत नाही.

"माझं बोट," मी ताईला सांगितलं. "लोणचं घालून तशीच बसले होते."

सून वळली. "आई, अहो..."

"तू भाजी बघ. करपेल."

ताईने माझ्या हातांकडे पाहिलं. माझी बोटं जाड आणि वाताने वाकडी झालेली. फोटोतलं बोट बारीक आणि सरळ होतं. ती काही आंधळी नव्हती.

"मग तुमचं पोतं बंद, मावशी."

"बंद तर बंद. सोमवारची नावं?"

"ती लिहून झालीत." ती उठली, दारात थांबली. "लोणचं मुरलं का पण?"

मी तिला वाटीभर दिलं.

ती गेल्यावर सून म्हणाली, "तुम्ही कशाला घेतलं अंगावर?"

"पोत्यावरनं तुला उठवलं कोणी?"

ती रडायला लागली. रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते मला कधी कळलेलं नाही. मी तिला पोळ्या लाटायला सांगितल्या.

गल्लीत बायका म्हणाल्या, सासूने सुनेसाठी आळ अंगावर घेतला. तसं काही नाही. बोट तिचं होतं, हट्ट माझा होता.

आता ती आत जाते. कार्ड मिळालं, तेही कंत्राटीच. दारावर रोज नखं बघतात, म्हणून हळदीचा डबा मी माझ्याकडे ठेवला आहे. फोडणी मीच घालते. दुपारचा डबा ती चमच्याने खाते, तो चमचा मी आणून दिला. पण घरी आल्यावर तिला हातानेच जेवायचं असतं. तिने हाताने जेवावं असं मलाही वाटतं. जेवण झालं की मी लिंबाची साल घेते आणि तिची नखं चोळते, दहाच्या दहा. ती हात पुढे करून बसते आणि दिवसभरात लाइनवर काय काय झालं ते सांगत राहते. मी हूं हूं करते. माझं लक्ष नखांवर असतं.