आठ तासांच्या झोपेचे अठ्ठावीस कागद

जानेवारीतला मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. किर्गिझस्तानातल्या नारिनमध्ये अजून काळोख होता आणि बुरुलचा जाकिपोवा शाळेच्या ग्रंथालयात, अंगातला कोट न काढता, कागद लावत बसली होती. ती इथे अर्धवेळ ग्रंथपाल आणि अर्धवेळ समुपदेशक. दोन्ही कामांना टेबल मात्र एकच.

समोर नववी 'अ'च्या मुलांनी भरलेल्या प्रश्नावल्या होत्या. रात्री किती तास झोपता, सकाळी काय खाता, घरी मोकळेपणी कोणाशी बोलता. अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस कागद. अठ्ठावीसही जण आठ तास झोपत होते, सकाळी लापशी खात होते आणि घरी मजेत होते. सातव्या प्रश्नात 'ब'वर काट मारून 'अ'वर खूण होती. तीसुद्धा सगळ्यांचीच.

एकोणिसावा कागद आयझिरेकचा होता. वय पंधरा. आई रशियात एका बेकरीत कामाला, वडील नाहीत. घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा. त्यांना रात्रीत तीनदा कुशीवर वळवावं लागतं. पाच वाजता उठून गाईची धार. मागच्या वर्षी हीच मुलगी गणितात जिल्ह्यात पहिली आली होती. या सत्रात तिला चारदा पाचपैकी दोन मिळाले. नववी 'अ' हा गणितासाठी निवडलेल्या मुलांचा वर्ग. त्यातून तिला काढायचं की ठेवायचं, हे दुपारी दोनच्या शिक्षकसभेत ठरणार होतं. एकदा काढलेलं मूल त्या वर्गात परत आल्याचं बुरुलचाने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत तिने आयझिरेकला बोलावून कागद पुढे सरकवला.

"हे तू लिहिलंस?"

"फळ्यावर होतं ना, एजे. केन्जेबेक अगायनी लिहून दिलं होतं." शाळेत बाईंना 'एजे' आणि सरांना 'अगाय' म्हणत.

"आणि खरं लिहिलं असतं तर?"

"वर्गाचा नंबर खाली गेला असता. अगाय म्हणाले, एकीच्या रडगाण्यापायी सगळ्यांनी का भोगायचं." मग तिने तोंडावर हात धरून जांभई दिली आणि त्याबद्दल माफीही मागितली.

बुरुलचाचं डोकं तापलं, ते आधी स्वतःवरच. गेल्या वर्षी नववी 'ब'चे असेच एकसारखे कागद तिच्या हातात आले होते. तिने खाली 'समाधानकारक' लिहून सही ठोकली होती आणि वेळेवर घरी गेली होती.

दोनच्या सभेत मुख्याध्यापिका झुरा यांनी आयझिरेकचा कागद मागितला. वर्गशिक्षक केन्जेबेक यांनी तो गठ्ठ्यातून काढून शांतपणे वाचून दाखवला. झोप आठ तास, नाश्ता रोज, घरी अडचण नाही. "हे मी म्हणत नाही, मुलगीच म्हणते. मग राहिला काय? आळस."

बुरुलचा उठून उभी राहिली. "अगाय, सातव्या प्रश्नाला तुम्ही आधी 'ब' लिहिलं होतं, मग 'अ' केलं. का बदललं?"

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. केन्जेबेक यांनी चष्मा पुसायला घेतला. "सगळेच लिहून देतात, बुरुलचा. आकडे वाईट आले की सुधारणेचा बारा पानी आराखडा मला लिहावा लागतो, तुला नाही. आणि गेल्या वर्षीच्या कागदांवर सही कोणाची होती?"

"माझी. लाज वाटते तिची. पण आज तुम्ही तुमचंच उत्तर त्या मुलीच्या तोंडी घालून तिलाच आळशी ठरवताय. ती रात्रीत तीनदा उठते आणि आठ वाजता तुमच्यासमोर समीकरणं सोडवायला बसते. तुम्ही एक आठवडा करून दाखवा."

तिने मागितलं फार थोडं: पहिला तास आयझिरेकला माफ करा, नऊला येऊ द्या, महिनाभर बघा, मग काय ते ठरवा. झुरा यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. कागदावर आठ तास असताना सवलत कशाच्या जोरावर द्यायची, असं त्यांचं म्हणणं. ती मुलगी दालनाबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली होती आणि आत जाताना सगळे तिचे पाय ओलांडून गेले होते. तो पुरावा चालणार नव्हता. पुरावा कागदाचाच हवा होता.

शेवटी ठरलं, की निर्णय शुक्रवारी. पूर्ण वर्गाने उद्या प्रश्नावली पुन्हा भरायची, केन्जेबेक वर्गात थांबणार नाहीत आणि कागद पहिल्या घंटेआधी टेबलावर हवेत. निदान मधल्या सुट्टीत घ्या, असं बुरुलचा दोनदा म्हणाली. पण त्या वेळी नववी 'अ'चा जादा सराव असतो, तो बुडवता येत नाही.

जाताना तिने नववी 'अ'च्या चौदा नंबरच्या खोलीत फळा ओल्या फडक्याने पुसला आणि तिथले दोन्ही खडू कोटाच्या खिशात टाकले.

उद्या बुधवार. प्रश्नावली साडेसात वाजता, चौदा नंबरच्या खोलीत. आठला बीजगणित. सगळ्या वर्गाने रोजच्यापेक्षा अर्धा तास लवकर यायचं आहे, म्हणजे आयझिरेकचा गजर उद्या साडेचारला.