नवऱ्याच्या हॉटस्पॉटवरची तोंडी परीक्षा

लग्न ठरलं तेव्हा माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. “नंतर कर की,” असं सगळे म्हणाले. ते नंतर सत्तेचाळिसाव्या वर्षी उगवलं. बाहेरून बी. ए.चा फॉर्म भरला, पेपर दिले, एक प्रकल्प लिहिला, आणि मग पत्र आलं की प्रकल्पाची तोंडी परीक्षा घरबसल्या व्हिडिओवर होईल. ठरल्या वेळी हजर नसाल तर पुढच्या सत्रात. घरबसल्या म्हणे! पत्र लिहिणाऱ्यानं दिघीतलं आमचं घर पाहिलेलं नव्हतं. मागच्या भिंतीपलीकडे लष्कराची हद्द. तिकडून मोरांचे आवाज येतात, रेंज येत नाही.

माझ्या फोनला स्वयंपाकघरात एक दांडी दिसते, तीही फ्रीजवर ठेवला तर. त्यावर व्हिडिओ म्हणजे विसराच. लेक नोकरीला नागपूरला गेली तेव्हा तिचा जुना टॅब मागे राहिला होता. तिनं फोनवरून शिकवलं, “आई, पप्पांच्या फोनचा हॉटस्पॉट चालू कर. टॅबच्या वाय-फायमध्ये त्यांच्या फोनचं नाव दिसेल. त्यावर बोट ठेव, पासवर्ड टाक. झालं!” ज्यांना सगळं येतं त्यांच्या तोंडी हे ‘झालं’ फार लवकर येतं.

आदल्या दिवशी आम्ही रंगीत तालीम केली. नाव दिसलं, पासवर्ड टाकला, टॅब जोडला गेला, आणि खाली अक्षरं आली की जोडलेलं आहे पण इंटरनेट नाही. आमच्या लग्नासारखंच म्हणा की! मग कळलं, ह्यांच्या फोनलाही नेट फक्त गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात मिळतं. शिवाय फोनमध्ये सिम दोन. एक आमचं, नेटचं. दुसरं कंपनीचं. कंपनीच्या सिमला घरभर रेंज, अगदी मोरीतसुद्धा. आणि त्यावर आलेला फोन उचलला की आमच्या सिमचं नेट बंद.

बरं, फोन उचलून माणूस एका जागी थांबेल तर शपथ. “बोला राव,” म्हणत हे निघतात ते जिना उतरून, पार्किंगमधून, थेट गेटपर्यंत. तालमीत तेच झालं. लग्नात मी ह्यांच्यामागे सात पावलं चालले होते, त्या दिवशी टॅब छातीशी धरून दोन मजले उतरले.

“अहो, फोन गॅलरीत ठेवा आणि तुम्ही कुठं जायचं तिथं जा,” मी म्हटलं.

“आणि कंपनीत लाइन बंद पडली तर?”

हे चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. तिथलं मशीन थांबलं की ह्यांना फोन येतो, शिफ्ट असो नसो. ह्यांच्याशिवाय कंपनी चालते का, हे करून बघायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही, ह्यांनी तर नाहीच. शेवटी तह झाला. फोन ह्यांच्या हातात, हे गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आणि मी शेजारी स्टुलावर. परीक्षेची वीस मिनिटं जागचं हलायचं नाही.

ह्यांना घाम फुटला तो वीस मिनिटांमुळे नव्हे. घाम फुटला प्रकल्पाच्या नावामुळे. फाइलवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘पाळी आणि घरातल्या बाईचा दिवस’.

आता मी ज्या घरात वाढले तिथं वडील भोसरीच्या कारखान्यात होते, आणि आमच्याकडे पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी असंच म्हणायचे. ह्यांच्या कंपनीत सगळे म्हणतात शिफ्ट. मग पाळी शब्द उरला तो बायकांपुरताच. वर्षभरापूर्वी टीव्हीशेजारी ती फाइल ह्यांनी पाहिली, कानापर्यंत लाल झाले, आणि वर पेपर ठेवून निघून गेले. त्यानंतर वर्षभरात एकदाही विचारलं नाही की बाई गं, तू लिहितेस तरी काय. पाहुणे आले की आधी त्या फाइलवर पेपर पडायचा.

मी सांगितलं का नाही? खोटं कशाला बोलू, आधी मजा वाटली. मग राग आला. शब्द कळला नाही तर माणूस विचारतो ना? हे नाही विचारणार, तर मीही नाही सांगणार. कारखान्यातल्या माणसांच्या बायकांकडे मी दुपारी दुपारी जाऊन बसायचे, वहीत लिहून घ्यायचे. नवऱ्याच्या पाळीचं वेळापत्रक बदललं की बायकोचं काय काय बदलतं, एवढंच विचारायचे. आणि वहीतलं शेवटचं घर आमचं होतं.

त्या दिवशी ह्यांची दुसरी शिफ्ट, म्हणून सकाळी घरीच होते. अकराला मॅडम पडद्यावर आल्या. हे तोंड लष्कराच्या भिंतीकडे करून, फोन मांडीवर धरून बसले. आता काय काय ऐकावं लागणार, म्हणून मान अशी आवळली होती की मलाच हसू आलं.

मॅडमनी विचारलं, “पाळी बदलते तेव्हा घरातल्या बाईच्या दिवसात नेमकं काय बदलतं?”

मी बोलू लागले. पहिल्या पाळीला चारला उठून डबा. दुसऱ्या पाळीला दोन वेळा जेवण गरम करायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा कुकर लावायचा नाही, कारण शिट्टीनं झोप मोडते. मिक्सर नाही. टीव्ही मुका. वॉशिंग मशीन बंद, कपडे हातानं. भाजीवाल्याला खूण करून खालीच थांबवायचं. लेक लहान असताना तिला रडू आलं की घेऊन शेजारणीकडे पळायचं.

बोलता बोलता दिसलं, ह्यांची मान भिंतीवरून माझ्याकडे वळली आहे.

“आणि हे सगळं त्या नवऱ्यांना माहीत असतं का?” मॅडम म्हणाल्या. “तुमच्याच घरी, समजा?”

परक्या बाईसमोर, ह्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्यावर काय सांगायचं? तेवढ्यात कंपनीचं सिम वाजलं. सवयीनं ह्यांनी उचललं. मॅडम तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठल्या. गेलं वर्ष पाण्यात!

“राव, आत्ता नाही,” हे म्हणाले. “दुसऱ्या कुणाला तरी बोलाव. मी कामात आहे.” आणि फोन कापला. खुर्चीवरून न उठता! देवा शप्पथ, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मॅडम परत हलू लागल्या. “आवाज गेला होता. मी विचारत होते, तुमच्या घरी माहीत आहे का?”

मी काही बोलायच्या आत शेजारून उत्तर आलं, “नव्हतं माहीत, मॅडम.”

“कोण आहे तिथं?”

“माझं नेट आहे, मॅडम,” मी म्हटलं.

मॅडम हसल्या. आणखी दोन प्रश्न विचारून म्हणाल्या की छान केलंय. टॅब बंद केला. मला वाटलं, आता हे उठून कंपनीला फोन लावतील. हे बसूनच राहिले.

“रात्रपाळीला तू कुकर लावत नाहीस?”

“नाही.”

“मला वाटायचं,” हे हळूच म्हणाले, “आपलं घरच शांत आहे.”

एवढी वर्षं टोमणे साठवून ठेवले होते मी. नेमका त्या वेळी एकही सापडला नाही. डोळे भरून आले, तेही सांगून टाकते.

पुढच्या आठवड्यात ह्यांची रात्रपाळी होती. भर दुपारी हे झोपलेले असताना मी डाळीचा कुकर लावला. शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी. गॅसकडे हात नेला तर आतून झोपेतला आवाज आला, “किती झाल्या?”

“तीन.”

“कच्ची राहील. अजून एक होऊ दे,” असं म्हणून हे कूस बदलून परत झोपले.