जहाजअप्पा

आमच्या मामंजींनी जन्मात कधी घोट्याच्या वरच्या पाण्यात पाय घातला नाही, आणि सारं मुडबी गाव त्यांना जहाजअप्पा म्हणायचं. ओढ्याला थोडं पाणी वाढलं की ते अर्ध्या कोसाचा वळसा घालून शेतात जायचे. विहिरीच्या काठापासून दहा पावलं लांब उभं राहून मोटेवरच्या गड्याशी ओरडून बोलायचे. गावातली चांगली मिशीवाली माणसं त्यांना वाटेत गाठून विचारायची, "अप्पा, जहाज कुठवर आलं?" अप्पा रागावत नसत. "सुरतेच्या फुडं हाय," म्हणायचे आणि चालू लागायचे.

जहाज होतं त्यांच्या पणजोबांचं. बाळोजी नावाचे हे पणजोबा बायको आणि तान्हा मुलगा घरी ठेवून दर्यावर गेले, एवढंच घरात ऐकीव होतं. मुडबीतून कोणत्याही बाजूनं निघालं तरी समुद्र पंधरा दिवसांच्या पायवाटेवर, त्यामुळे गावाचा यावर विश्वास नव्हता. पण आमच्या घरात एक रीत होती, ती आसपास कुणाकडेही नव्हती. श्रावणी पौर्णिमेला आम्ही विहिरीत नारळ सोडायचो. सोडायचा मान अप्पांचा, आणि अप्पा तो दहा पावलांवरून फेकायचे. एकदा नारळ काठावर फुटला आणि एकदा मोटेच्या बैलाला लागला. बैल चार दिवस त्यांच्याकडे संशयानं बघत होता.

अप्पा तहसील कचेरीत नकलनवीस होते, म्हणजे दिवसभर सरकारी कागदांच्या नकला उतरवणं हे त्यांचं काम. राज्य निजामाचं, कचेरी उर्दूतली, घरचे जुने कागद मोडीतले आणि बाजारचं बोलणं कानडी. या तिन्हींत त्यांचा हात बसलेला. नोकरीनं त्यांना एक खोड लावली होती. कुणी काहीही सांगितलं की ते विचारायचे, "कागूद हाय का?" शेजारी म्हणाला, म्हैस सहा शेर दूध देते. "कागूद हाय का?" माझे वडील उदगीरहून माझं स्थळ घेऊन आले आणि म्हणाले, मुलगी चौथी शिकलेली आहे. तिथंही तेच. वडील भडकले. मग मला बाहेर बोलावून अप्पांनी एक मोडी पत्र हातात दिलं. मी ते अडखळत का होईना, वाचलं, आणि लग्न ठरलं. मुलगा कसा आहे याचा कागद मात्र आमच्याकडून कुणी मागितला नाही.

मुलगा वाईट नव्हता, हेही सांगते. एकुलता एक, आई लहानपणीच गेलेली, आणि बापासारखाच हेकट. अप्पांना त्याला कचेरीत चिकटवायचं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी दोघांची जुंपली. हे म्हणाले, "दुसऱ्याच्या कागदाच्या नकला करत म्या जलम घालवनार न्हाई." अप्पा म्हणाले, "मग काय जहाजावर जायलास?" सगळं गाव ज्यावरून अप्पांना हसायचं, त्यावरूनच अप्पा मुलाला हसले. हे आत आले, पिशवी भरली, मला म्हणाले, "पत्ता कळवतो," आणि गेले. मुंबईकडे गेले असं गुलबर्ग्याच्या स्टेशनवर कुणीतरी पाहिलं होतं. पत्ता काही आला नाही.

त्यानंतर अप्पांचं पणजोबांचं वेड वाढलं. कचेरीतून आले की जुनी दप्तरं सोडायची, मोडीतल्या पानांतून बाळोजीचं नाव शोधायचं. मला समोर बसवून वाचून घ्यायचे. मला राग यायचा. मनात म्हणायची, यांचा पोरगा हरवलाय आणि हे शंभर वर्षांपूर्वीचा माणूस हुडकायलेत. पण वाचायला बसायची. नाहीतर त्या घरात दुसरं होतं काय?

अशी अकरा वर्षं गेली, आणि थोरल्या अण्णांनी विषय काढला. अण्णा अप्पांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की तो गेला असं धरून दर्भाचा पुतळा करतात, त्याला रीतसर अग्नी देतात, तेरावा करतात, आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोचं कुंकू पुसतात. अण्णा म्हणाले, "पोरगं अधांतरी लटकलंय. त्याला वाट करून द्यायला पायजे." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. अण्णांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांना पुतण्याची काळजी होती. मला माझी होती. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, आणि त्या दिवसानंतर सकाळी कुंकू जरा जास्तच ठळक लावायला लागले.

अप्पा एकच बोलले, "मेल्याचा कागूद हाय का?" अण्णा म्हणाले, "बारा वर्सं हाच कागूद." आणि वैशाखातला दिवस ठरला.

त्याच हिवाळ्यात हेळवी आला. आमच्या भागात हेळवी पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. बैलावर बसून येतात, पायांवर घोंगडं, हातात घंटा. दारात बैलावरूनच घराण्याची सगळी नावं कानडीत गाऊन दाखवतात, घरातले नवे जन्म-मृत्यू वहीत लिहून घेतात आणि सुपातलं धान्य घेऊन पुढच्या गावाला जातात. दर खेपेला अप्पा मान डोलवत ऐकायचे. या खेपेला मात्र त्यांनी गाणं मध्येच थांबवलं.

"बाळोजीचं नुसतं गाऊ नगंस. वही दाव."

हेळव्यानं वही काढली. बाळोजीच्या नावापुढं लिहिलं होतं की हा दर्यावर गेला, बारा वर्षांनी त्याचा पुतळा केला, बायको तुळसा विधवा झाली. साल होतं. त्याच्या खाली लगेच मुलाचं नाव सुरू. अप्पांनी पानावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"हितं जागाच न्हाई ठिवली," ते म्हणाले.

"कशाला जागा?" हेळवी म्हणाला.

"परत आल्याचं लिव्हायला."

हेळवी हसला. मेलेला माणूस परत कामून येईल? पण जाता जाता त्यानं एक गोष्ट सांगितली. तुमची वडीलधारी माणसं मुंबईकडे गेली-आली की नाशकाला थांबायची, तिथल्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत आपल्या हातानं नाव लिहायची. अप्पांनी दुसऱ्या दिवशी कचेरीत रजेचा अर्ज टाकला. मोडीच्या वाचनाला मी हवी, म्हणून मलाही बरोबर घेतलं. सोबतीला गावातली यात्रेला निघालेली दोन जोडपी होती. गुलबर्ग्याला गाडीत बसलो, दौंडला आणि मनमाडला बदलली. अप्पा दर पुलावर डोळे मिटून घेत होते.

आमच्या घराण्याचे उपाध्ये शोधायला दोन दिवस गेले. ते पोक्त गृहस्थ होते, त्यांनी फडक्यात बांधलेल्या लांब वह्या घाटाच्या पायऱ्यांजवळच्या ओसरीवर आमच्यासमोर ठेवल्या. मी एकेक पान वाचत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मला मुडबी हा शब्द दिसला. बाळोजीनं लिहिलं होतं, "मौजे मुडबी येथील बाळोजी, पंधरा वर्षांनी दर्यावरून घरास जात असे." मी मोठ्यानं वाचलं. अप्पा लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. उपाध्ये बघत राहिले. अप्पांनी साल विचारलं, खिशातून हेळव्याच्या वहीतलं साल काढलं आणि बोटांवर वजाबाकी केली. पुतळा जाळल्यावर तीन वर्षांनी बाळोजी जिवंत होता आणि घरी निघाला होता.

मी पुढं वाचत होते. दोन पानांनंतर तेच अक्षर पुन्हा आलं, मधे दीड महिना गेलेला. "घरास जाऊन आलो. आमची क्रिया जाहली आहे. माघारी जात असे." बस्स, एवढंच. मी वाचलं आणि वर बघायची हिंमत झाली नाही. गावानं जाळलेला माणूस दारात येऊन उभा राहिला, आणि कुणी त्याला आत घेतलं नाही. एकदा क्रिया झालेल्या माणसाला घरात घेतलं तर अख्ख्या घराला दोष, म्हणून त्याला त्याच वाटेनं परत लावलं होतं.

मान वर केली तेव्हा अप्पा ओसरीवर नव्हते. ते पायऱ्या उतरून गेले होते आणि शेवटच्या पायरीवर बसले होते. गोदावरीचं पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं, धोतर भिजलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. मी हाक मारली तेव्हा ते खाली बघून दचकले आणि माझा हात धरून वर आले. निघण्याआधी दोन्ही नोंदींची नकल त्यांनी आपल्या सुबक अक्षरात केली आणि खाली उपाध्यांची सही घेतली.

वैशाखातल्या त्या सकाळी अंगणात दर्भ आला, भटजी आले, भाऊबंद जमले. मला आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं, दाराच्या फटीतून मी बघत होते. अप्पा उठले आणि नकल वाचून दाखवली. माणसं चुळबुळली. भटजींनी हातातला दर्भ खाली ठेवला. पण अण्णा काही लेचेपेचे नव्हते.

"बाळोजीचं झालं ते झालं," अण्णा म्हणाले. "त्याला लिव्हायला टपाल तरी व्हतं का? आपलं पोरगं शिकलेलं हाय. जित्तं आसतं तर बारा वर्सांत एक कार्ड न्हाई टाकलं आसतं?"

बारा वर्षं मी स्वतःला हाच प्रश्न विचारत होते. सगळे अप्पांकडे बघायला लागले. अप्पा नकलेची घडी घालत राहिले, उघडत राहिले, परत घालत राहिले.

"टाकलं व्हतं," ते म्हणाले.

अण्णांना नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हनायलास?"

"कार्ड आलतं. तो गेल्यावर आठ महिन्यांनी. गावचं टपाल कचेरीतनं यायचं, तिथं माज्या हातात पडलं. अक्षर वळखलं. मुंबईचा शिक्का बघितला. वाचलं न्हाई, अण्णा. राग व्हता. तिथंच शेगडीत घातलं." मग थांबून म्हणाले, "दुसऱ्या दिवशी राख उकरली. कायबी न्हवतं. मुंबईला चार डाव चिठ्ठ्या लिव्हल्या, पत्ता न्हाई म्हनून माघारी आल्या. पत्ता त्या कार्डावर व्हता. त्यानं पोरीला कळवतो म्हनलं व्हतं, कळवलं त्यानं. मीच जाळलं त्याला. आता परत जाळू देनार न्हाई."

आयुष्यभर दुसऱ्याला कागद मागणारा माणूस सगळ्या भाऊबंदांसमोर मान खाली घालून उभा होता. शेवटी अण्णा उठले, भटजींच्या पाया पडले आणि त्यांना घरी पाठवलं. दर्भ गोठ्यात टाकला. माझं कुंकू राहिलं.

आणि मला काय वाटलं? उपकार? छे! मला त्यांचा गळा धरावासा वाटला. बारा वर्षं मी टपालवाल्याच्या वाटेकडे बघत होते, आणि माझं पत्र या माणसानं शेगडीत घातलं होतं. मग माझ्यासमोर बसून ते मला परक्यांचे कागद वाचायला लावत होते! तो राग अजून आहे, खोटं कशाला बोलू? तीन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. भाकरी वाढायची, तांब्या ठेवायची आणि आत जायची. तेही बोलले नाहीत. त्यांनी माफी मागितली असती तर बहुतेक मी ताट आपटलं असतं.

श्रावणी पौर्णिमा आली. अप्पा नारळ घेऊन विहिरीकडे गेले, मी मागून पाणी आणायला. ते आपल्या दहा पावलांवर उभे राहिले, हात वर केला आणि तसेच उभे राहिले. फेकवेना. मी घागर खाली ठेवली. "द्या हिकडं," मी म्हणाले आणि नारळ घेऊन पायऱ्या उतरले, पाण्यावर हळू सोडला. ही रीत कुणी घातली याचा कागद अप्पांना कधी मिळाला नाही. मला त्या दिवशी कागदाशिवाय कळलं. विधवा म्हणून घरात बसवलेल्या, आणि नवरा दारातून परत जाताना पाहिलेल्या बाईशिवाय, समुद्रावरच्या माणसासाठी विहिरीत नारळ दुसरं कोण सोडेल? हे मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "कागूद हाय का?" आणि मग आम्ही दोघंही हसलो, मी थोडं कमी.

रझाकारांच्या धामधुमीत अप्पा गेले, साध्या तापानं. अग्नी अण्णांच्या मुलानं दिला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "हेळवी आला की माजं लिव्हायला लाव. मेल्याचा कागूद नीट व्हऊ दे." मी हो म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

पोलीस अॅक्शननंतर रस्ते मोकळे झाले आणि हेळवी आला. त्यानं अप्पांचं नाव लिहून घेतलं. मग बोट खाली सरकवून माझ्या नवऱ्याच्या नावावर आणलं.

"अक्का, हितं काय लिव्हू?"

"काही लिहू नको. जागा सोड."

त्यानं बोटं ठेवून मोजली आणि दोन बोटं जागा सोडली.

"अजून दोन बोटं सोड," मी म्हणाले. "परत आल्याचं लिहायला लागेल."